ज्वालामुखीचे चित्र आणि प्रतिकृतीचा प्रामाणिकपणा

नवी वास्तू उभी राहिली की दिवाणखान्याच्या दर्शनी भिंतीवर कोणते चित्र लावावे, हा प्रश्न घरात निघतोच. अशा वेळी काही कुटुंबे जगप्रसिद्ध चित्राची हाताने रंगविलेली प्रतिकृती करवून घेतात. त्यांत ज्वालामुखीच्या निसर्गचित्रांचे आकर्षण वेगळेच आहे. काळोखी रात्र, शिखरातून उसळणारा अग्नी आणि पायथ्याशी शांत समुद्र, असे ते दृश्य असते. पण अशी प्रतिकृती घेताना आपण नेमके काय घेतो? तिला मान द्यावा, की केवळ नक्कल म्हणून कमी लेखावे? याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही.

प्रथम मूळ चित्रांकडे पाहू. इंग्लंडमधील डर्बी गावचा चित्रकार जोसेफ राइट १७७४ साली नेपल्सला गेला आणि तेथे त्याने व्हेसुव्हियस पर्वत पाहिला. मायदेशी परतल्यावरही अनेक वर्षे तो हाच विषय रंगवीत राहिला. त्याची व्हेसुव्हियसची चित्रे तीसच्या आसपास भरतात. टर्नर या थोर चित्रकाराची गोष्ट याहून बोलकी आहे. ३० एप्रिल १८१२ रोजी वेस्ट इंडीजमधील सेंट व्हिन्सेंट बेटावर सूफ्रिएर पर्वताचा उद्रेक झाला. टर्नरने १८१५ साली त्याचे भव्य चित्र रंगविले. परंतु त्या बेटावर तो कधीच गेला नव्हता. ह्यू कीन नावाच्या गृहस्थाने उद्रेकाच्या वेळी केलेल्या रेखाटनावरून त्याने ते साकारले, आणि ही गोष्ट लपविली नाही. चित्राच्या शीर्षकातच त्याने कीन यांचे ऋण नोंदविले.

ज्वालामुखी हा विषय आपल्याला परका वाटण्याचेही कारण नाही. साताऱ्याचा अजिंक्यतारा आणि सभोवतालचे डोंगर ज्या काळ्या पाषाणाचे आहेत, तो पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हाच होय. येथे व्हेसुव्हियससारखा शंकूच्या आकाराचा पर्वत दिसत नाही, कारण तो लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वाहिला व थरावर थर साचत गेला. म्हणूनच आपल्या डोंगरांचे माथे सपाट आणि उतार पायऱ्यांसारखे आहेत.

याच डोंगराळ मुलखातील औंध येथे प्रतिकृतींचा योग्य मान कसा राखावा, हे पाहावयास मिळते. औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः चित्रकार होते. आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी त्यांच्याच संस्थानात होती. त्यांनी औंधच्या टेकडीवर श्रीभवानी संग्रहालय उभारले. तेथे राजा रविवर्मा यांची मूळ चित्रे आहेत, हेन्री मूर यांचे शिल्प आहे, आणि प्रख्यात युरोपीय कलाकृतींच्या प्रतिकृतीही आहेत. विलायतेला जाणे ज्यांना शक्य नव्हते, अशा प्रजाजनांना त्या कलाकृतींचा परिचय घडावा, याचे साधन म्हणजे प्रतिकृती. मूळ वस्तूच्या शेजारी ती उघडपणे, आपल्या खऱ्या ओळखीनिशी नांदते.

प्रतिकृतीचे मोल अजिंठ्याने अधिकच पटवून दिले आहे. तेथील लेणीही लाव्हापासून झालेल्या पाषाणातच कोरलेली आहेत. रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. त्यानंतर जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून हे काम पुन्हा हाती घेतले. त्यातीलही बऱ्याच प्रतिकृती १८८५ च्या आगीत गेल्या. ज्या वाचल्या, त्या आज अमोल ठरल्या आहेत; कारण पुढील काळात मूळ भित्तिचित्रांची बरीच झीज झाली. बाळासाहेबांनाही अजिंठ्याची ओढ होती. त्यांचा त्या लेण्यांवरील ग्रंथ १९३२ साली प्रसिद्ध झाला.

मग दोष कोठे आहे? दोष प्रतिकृतीत नाही, ती मूळ म्हणून खपविण्यात आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात चित्रकारांना मूळ चित्रासमोर बसून प्रतिकृती करण्याची मुभा आहे. मात्र तिचा आकार मूळ चित्राहून वेगळा असावा लागतो, आणि मूळ चित्रकाराची सही उतरविता येत नाही. या दोन साध्या नियमांनी अभ्यास आणि फसवणूक यांच्यामध्ये रेषा आखली जाते.

घरासाठी वा पेढीसाठी चित्र घेताना आपणही काही पथ्ये पाळावीत. यंत्राने कापडावर छापून वर पारदर्शक लेप फासलेले चित्र हाताने रंगविलेले म्हणून गळ्यात पडू शकते. भिंग लावून पाहिल्यास छपाईचे बारीक ठिपके दिसतात. तसेच लेपाचे उंचवटे खालच्या रंगाकाराशी जुळत नाहीत. खऱ्या कुंचल्याचा फटकारा रंगाबरोबरच वळतो. अग्नीच्या तांबड्या-पिवळ्या छटा एकावर एक चढविलेल्या आहेत की सपाट, हेही निरखावे. पावतीवर ‘हस्तचित्रित प्रतिकृती’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. चित्राच्या पाठीमागे मूळ चित्रकार, मूळ चित्राचे वर्ष आणि प्रतिकृती करणाऱ्याचे नाव नोंदवावे. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. राइट व टर्नर यांच्या चित्रांबाबत ही अडचण नाही, हयात चित्रकाराच्या कृतीसाठी मात्र परवानगी हवी.

प्रतिकृती करणाऱ्याच्या मेहनतान्यात घासाघीस करताना त्याचे खर्ची पडलेले दिवस ध्यानात घ्यावेत. माल जसा असेल तसाच सांगून विकणे, ही व्यापारातील सचोटीची पहिली पायरी. तीच सचोटी भिंतीवरील चित्रालाही लागू आहे. पाहुण्याने कौतुकाने विचारले, तर मूळ चित्रकाराबरोबर प्रतिकृती करणाऱ्याचेही नाव सांगता यावे. त्याने चित्राची शोभा उणावत नाही आणि घराची पत वाढते.