बंदूक, बदक आणि चित्रनलिका

माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत वीस-पंचवीस वर्षे फडक्यात गुंडाळून ठेवलेला आमचा जुना व्हिडिओ गेम गेल्या उन्हाळ्यात, भाच्याच्या मुलाने हट्टच धरला म्हणून, मी खाली काढला. पिवळी आणि पांढरी पिन दिवाणखान्यातल्या भिंतीवरच्या सपाट टीव्हीला जोडली, कॅसेट घट्ट बसवली, आणि यंत्र पुन्हा जिवंत होईल की नाही या धाकधुकीत बटण दाबले, तो मारिओ आपल्या त्याच विटकरी वाटेवरून धावू लागला. मुलाला आनंद झाला, मला त्याहून अधिक झाला. परंतु त्यानंतर बदकांचा खेळ लावून त्याने प्लास्टिकची बंदूक हाती घेतली, नेम धरून, जवळ जाऊन, शेवटी नळी अक्षरशः पडद्याला टेकवून गोळ्या झाडल्या, तरी एकही बदक पडेना. आणि गवतातून डोके वर काढून हसणारे ते कुत्रे प्रत्येक खेपेला हसतच राहिले. बंदूक बिघडली असावी असे अनुमान मुलाने काढले. मीही घटकाभर तसेच मानले. दुसऱ्या दिवशी एका स्नेह्याच्या घरी अद्याप चालू असलेल्या, पिक्चर ट्यूबच्या जड टीव्हीला तेच यंत्र जोडून पाहिले, तेव्हा पहिल्याच गोळीला बदक खाली आले.

बंदूक शाबूत होती, कॅसेट शाबूत होती. गैरहजर होती ती चित्रनलिका, म्हणजे पिक्चर ट्यूब. या एका अनुभवाने मला जी गोष्ट उमगली ती सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे. जुन्या खेळांच्या आठवणीने मन हळवे होते, त्याला आपण स्मरणरंजन म्हणतो आणि तो केवळ मनाचा व्यापार आहे असे समजून सोडून देतो. पाश्चात्त्य भाषांत या भावनेला जे नाव आहे ते योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने 1688 साली बासेल येथील आपल्या प्रबंधात घडवले, तेही एका व्याधीचे नाव म्हणून. घराच्या ओढीने झुरणाऱ्या माणसांचे निदान त्याला करावयाचे होते. किशोरवयाची आणि तारुण्याची स्मृती उतारवयात अधिक ठळकपणे परत येते, हे मानसशास्त्रज्ञांनी पुढे वारंवार दाखवून दिले आहे. हे सर्व खरे असले तरी त्या खेळांच्या बाबतीत आपल्याला ज्याची ओढ लागते, तो एक प्रत्यक्ष, भौतिक, पदार्थविज्ञानाच्या नियमांनी बांधलेला व्यवहार होता, आणि त्या व्यवहारातला निम्मा वाटा टीव्हीचा होता, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

तो वाटा कोणता, ते पाहू. जुन्या टीव्हीच्या निर्वात काचनळीत मागच्या टोकाला इलेक्ट्रॉनांचा एक बारीक झोत सुटतो आणि तो पडद्याच्या आतल्या बाजूस चढवलेल्या प्रकाशमान लेपावर आदळून ठिपका उजळवतो. कोणत्याही एका क्षणी पडद्यावर संपूर्ण चित्र कधीच नसते. असतो तो धावणारा एक ठिपका, जो डावीकडून उजवीकडे एक ओळ लिहितो, झटकन परततो, खालची ओळ लिहितो, आणि तळाला पोचला की पुन्हा वर उडी घेतो. आपल्याकडच्या पद्धतीत तो सेकंदाला 15,625 ओळी लिहीत असे, म्हणजे एका ओळीस 64 मायक्रोसेकंदांची मुदत. अखंड चित्र दिसते ते आपल्या डोळ्यांच्या मंदपणामुळे.

बदकांच्या खेळातली बंदूक गोळी सोडत नाही, ती पाहते. तिच्या नळीत एक भिंग आणि त्यामागे प्रकाश ओळखणारा लहानसा डोळा असतो. घोडा ओढला की यंत्र संपूर्ण पडदा एका चित्रापुरता काळा करते आणि पुढच्या चित्रात केवळ बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढते. दोन बदके असली तर दोन चौकोन, एकामागून एक, निरनिराळ्या चित्रांत. बंदुकीच्या डोळ्याला आधी अंधार आणि नेमक्या त्याच चित्रात उजेड दिसला, तर बदक पडले. दिव्याकडे बंदूक रोखून यंत्राला फसवू पाहणाऱ्या मुलाचा बंदोबस्त त्या काळ्या चित्रातच झालेला असे. सपाट टीव्हीवर हा करार मोडतो, कारण तेथे पडद्यामागचा दिवा सतत जळत असतो, ओळीमागून ओळ उजळण्याचा प्रकारच नसतो. शिवाय आलेले चित्र तो टीव्ही आधी आपल्या पोटात घेतो, त्यावर संस्कार करतो आणि काही क्षण उशिराने दाखवतो. बंदूक पाहते तेव्हा पांढरा चौकोन अजून वाटेतच असतो.

घरगुती खेळाच्या यंत्राचा जन्मच मुळी टीव्हीविषयीच्या विचारातून झाला, ही गोष्ट या संदर्भात विशेष महत्त्वाची वाटते. राल्फ बेअर हा जर्मनीतून 1938 साली कुटुंबासह अमेरिकेत आश्रयास आलेला ज्यू मुलगा पुढे टेलिव्हिजन-अभियांत्रिकीचा पदवीधर झाला. अमेरिकन घराघरांत लक्षावधी टीव्ही आहेत, आणि त्यांचा उपयोग मात्र दूरच्या केंद्राने जे पाठवावे ते मुकाट्याने पाहण्यापलीकडे काही नाही, ही गोष्ट त्याला खुपत होती. 1966च्या ऑगस्टअखेर न्यूयॉर्कच्या एका बसस्थानकावर बसून त्याने काही टिपणे केली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा चार पृष्ठांचा मसुदा तयार केला. त्यातून 1972 साली मॅग्नाव्हॉक्स कंपनीचे ‘ओडिसी’ हे यंत्र बाजारात आले. त्यात प्रोसेसर नव्हता, आवाज नव्हता. काही ठिपके आणि एक उभी रेघ एवढीच त्याची चित्रकला, आणि मैदान किंवा नकाशा हवा असेल तर रंगीत पारदर्शक ताव पडद्यावर चिकटवावा लागे. परंतु त्या पहिल्या यंत्राबरोबरही, वेगळे मूल्य देऊन का होईना, प्रकाशाने चालणारी बंदूक मिळत असे.

काटकसरीची खरी परमावधी मात्र 1977 सालच्या अटारी कंपनीच्या यंत्रात दिसते, आणि येथे मी थोडा अधिक रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते त्या काळची एवढी सुंदर अभियांत्रिकी दुसरी नाही. या यंत्राची तात्पुरती स्मृती 128 बाइट होती. आजच्या संगणकात देवनागरीचे एक चिन्ह साठवण्यास सामान्यतः तीन बाइट लागतात. म्हणजे अटारीच्या त्या सबंध दप्तरात देवनागरीची बेचाळीस चिन्हे मावली असती. त्या यंत्राचा पडदा आडवे 160 आणि उभे सुमारे 192 ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढेच नोंदवून ठेवायचे म्हटले तरी 3,840 बाइट लागतात, म्हणजे जवळ असलेल्या स्मृतीच्या तीसपट. सबब चित्र साठवण्याचा प्रश्नच नव्हता. चित्र लिहावे लागे, आणि तेही झोत धावत असताना, ओळीमागून ओळ.

जे मायनर या अभियंत्याच्या देखरेखीखाली घडलेल्या चिपला फक्त एका ओळीपुरते कळत असे: दोन खेळाडू, दोन गोळ्या, एक चेंडू आणि मागची पार्श्वभूमी. एक ओळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत प्रोसेसरला 76 ठोके मिळत, आणि सर्वांत लहान आज्ञेलाही दोन ठोके लागत. म्हणजे अधिकात अधिक 38 आज्ञा. तेवढ्यात पुढच्या ओळीचा रंग, आकृती, जागा हे सारे चिपच्या हवाली करून पुन्हा हजर राहायचे. तळाशी पोचलेला झोत वर परत जाईपर्यंत जी उसंत मिळे, तीत टक्कर झाली काय, गुण किती, काठी कोणत्या बाजूला झुकली, हा सारा हिशेब उरकावा लागे. खेळ लिहिणारा झोताबरोबर धावत असे, आणि एक ठोका चुकला तर पडद्यावरचे चित्र तत्काळ वाकडे होई.

अशा तंगीतून ज्या युक्त्या निघाल्या त्या थक्क करणाऱ्या आहेत. एकच आकृती एका ओळीत तीनदा उमटवण्याची मुभा त्या चिपमध्ये होती; दोन खेळाडू तिप्पट केले की सहा होतात. 1980 सालच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये एका रांगेत सहा शत्रू दिसतात ते याचमुळे. त्याहूनही मला प्रिय आहे तो डेव्हिड क्रेनचा 1982 सालचा ‘पिटफॉल’. त्यात 255 निरनिराळ्या दृश्यांचे अरण्य आहे, आणि आज्ञावली व चित्रे मिळून सगळी कॅसेट 4 किलोबाइटांची. एवढी दृश्ये ठेवली कोठे? कोठेच नाहीत. प्रत्येक दृश्य म्हणजे एका बाइटातल्या आठ बिटांची एक मांडणी. त्यांपैकी काही बिटे झाडे ठरवतात, काही खड्डा की मगरींचे तळे ते ठरवतात. नायक उजवीकडे गेला की एका ठरावीक नियमाने ती बिटे एक घर सरकतात आणि पुढचे अरण्य उभे राहते. डावीकडे वळला की तोच नियम उलटा चालवून मागचे अरण्य जसेच्या तसे परत येते. आठ बिटांचे हे चक्र शून्य वगळून 255 पायऱ्यांनी पूर्ण होते. मूठभर बाइटांच्या एका सूत्रात सगळे वन सामावलेले आहे, हे समजल्यावर मला एखादे कठीण प्रमेय सुटल्यासारखा आनंद झाला होता.

आपल्या घरांत मात्र अटारी क्वचितच आली. 1990च्या दशकात महाराष्ट्रातल्या शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतून जी यंत्रे सर्वत्र पसरली, ती जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या ‘फॅमिकॉम’च्या परभारे बनलेल्या नकला होत्या. मूळ यंत्र 15 जुलै 1983 रोजी 14,800 येनांना विक्रीस आले आणि त्याचा शिल्पकार होता मासायुकी उएमुरा. हा मनुष्य पूर्वी दुसऱ्या एका विद्युत कंपनीत नोकरीस असताना प्रकाशाला प्रतिसाद देणारे घटक विकत असे, आणि त्याच कामातून निन्टेन्डोच्या बंदुकीच्या खेळण्यांशी त्याचा संबंध आला. बदके पाडणाऱ्या डोळ्याची वंशावळ अशी थेट त्याच्यापर्यंत पोचते. फॅमिकॉममध्ये चित्रासाठी स्वतंत्र चिप आली आणि झोतामागे धावण्याचा जाच पुष्कळ कमी झाला, तरी काटकसर सुटली नाही. 1985चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या 40 किलोबाइटांत बसवला आहे. त्यातले आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे ही एकच आकृती असून केवळ रंग बदललेला आहे. एका ओळीत आठांहून अधिक हलते चित्रखंड दाखवण्याची तजवीज नव्हती, म्हणून शत्रूंची गर्दी झाली की ते आळीपाळीने दाखवले जात आणि लुकलुकत. ती लुकलुक म्हणजे बिघाड असे आम्ही समजत होतो.

आमच्या समजुती आणखीही होत्या. कॅसेट चालली नाही, टीव्हीवर नुसत्या मुंग्या आल्या किंवा रंगीत चौकड्या दिसल्या, की ती काढून तिच्या धातूच्या दात्यांवर फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची, हा घरोघरचा शिरस्ता होता. गुण फुंकरीचा नव्हता. काढून पुन्हा बसवताना दाते घासले जाऊन संपर्क जुळत असे, आणि तोंडातल्या दमटपणाने उलट दाते गंजत. त्याचप्रमाणे ‘कॉन्ट्रा’ या खेळात तीस जीव मिळवण्यासाठी वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे असा सुरू होणारा क्रम आमच्या आळीत मोठ्या भावाकडून धाकट्याकडे तोंडी चालत आला होता. काझुहिसा हाशिमोतो या जपानी रचनाकाराने 1986 साली ‘ग्रेडियस’ या आधीच्या एका खेळाची चाचणी सुकर व्हावी म्हणून तो प्रथम योजला होता, याची आम्हाला कोठली वार्ता!

आणखी एक गोष्ट अशी, की जपानी आणि अमेरिकन टीव्ही सेकंदाला 60 वेळा पडदा लिहीत आणि आपला 50 वेळा. बहुतेक खेळ आपला काळ पडद्याच्या फेऱ्यांवरच मोजत. त्यामुळे 60च्या हिशेबाने रचलेला खेळ आपल्या पद्धतीच्या यंत्रावर चालवला की तो सहाव्या हिश्शाने मंदावे, आणि कोजी कोंदोने रचलेली मारिओची धूनही संथ होई. मी मूळ चालीत ती धून प्रथम ऐकली तेव्हा कोणीतरी ती घाईने वाजवते आहे असे मला वाटले. आमच्या स्मृतीतला मारिओ आमच्या टीव्हीच्या चालीने चालत होता.

आज या खेळांच्या आज्ञावलींच्या अचूक नकला निघतात आणि फोनवरही ते खेळता येतात. ते काम मोलाचे आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 साली केलेल्या पाहणीत तेथील जुन्या खेळांपैकी 87 टक्के खेळ बाजारात रीतसर उपलब्धच नाहीत असे आढळले, तेव्हा अशा नकला करणाऱ्यांचे ऋण मानले पाहिजे. तथापि आज्ञावलीची नक्कल करता येते तशी झोताची करता येत नाही. नव्या चित्रनलिका घडवणे जगातल्या मोठ्या कारखान्यांनी केव्हाच थांबवले आहे, आणि ज्या आहेत त्या रोज भंगारात जात आहेत. उएमुरा निवृत्तीनंतर क्योटोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात या खेळांच्या अभ्यासाला आणि जतनाला वाहून घेऊन राहिला, आणि 2021 साली वारला. बेअरने ‘ओडिसी’च्या आधी बनवलेले मूळ तपकिरी यंत्र वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आपल्याकडे अशी व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या घरी, गावच्या वाड्यात किंवा एखाद्या बंद खोलीत पिक्चर ट्यूबचा चालू टीव्ही असेल तर तो भंगारवाल्याला देण्याची घाई करू नका. त्याच्या पोटात वीस हजार व्होल्टांहून अधिक दाब असू शकतो आणि काचेत शिसे असते, तेव्हा तो स्वतः उघडू मात्र नका. जुन्या टीव्ही मेकॅनिकला एकदा दाखवा. घरात ठेवणे अशक्यच असेल तर जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला किंवा विज्ञान केंद्राला विचारा, आणि यंत्र, कॅसेटी, बंदूक व टीव्ही ही चारही एकत्र द्या.