गंजलेल्या जावाची रास्त किंमत

मूल्य आणि किंमत यांतला फरक आज आपण एका गंजक्या मोटरसायकलला लावून बघू. हसू नका, थॉमस अ‍ॅक्विनासही येणार आहे!

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून जावा काढल्या, पुढे त्या येझदी नावाने आल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. अशी गाडी अंगणात वर्षानुवर्षं उभी असते. मालक तिची किंमत एकतर भंगाराच्या भावाने सांगतो, नाहीतर प्रदर्शनातल्या चकचकीत गाडीच्या. दोन्ही चूक. आपण उलटं चालू. समजा, नीट दुरुस्त केलेली तशी गाडी दीड लाखाला जाते आणि ही तशी करायला नव्वद हजार लागतील. उरले साठ. त्यातून न दिसणाऱ्या खर्चाची जोखीम वजा करा. किक दाबून बघा; हलतच नसेल तर पिस्टन जाम असण्याची शक्यता मोठी. टाकीत बॅटरी मारा, आतला गंज दिसतो. क्रँकचे ऑइल सील उभ्या उभ्या वाळतात, ते मात्र बाहेरून कळत नाही. आणि आरसी बुकातले इंजिन-चेसी नंबर गाडीशी जुळत नसतील, तर ती गाडी नव्हे, सुट्या भागांचा ढीग, भावही त्याचाच.

इथवर गणित. पण एकाला ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही, तेव्हा काय? विक्रेत्याने दोष लपवू नये, हे आपण सगळेच म्हणतो. तेराव्या शतकातला अ‍ॅक्विनास पुढे जातो: विकणारा सोनं पितळ समजून देतोय हे कळूनही घेणाऱ्याने घेतलं, तर तो व्यवहार अन्याय्य, आणि त्याने भरपाई केली पाहिजे.

हे आम्ही वर्गात पुष्कळ वर्षं शिकवलं. आणि निवृत्तीनंतर शेजारच्या वहिनींकडून त्यांच्या यजमानांची जावा घेतली. भंगारवाला दोन हजार देत होता, आम्ही पाच दिले. वर उपकाराचा भाव! नंबर जुळतात हे आम्ही आधीच पाहून ठेवलं होतं. बोललो नाही.

गाडी सुरू झाली तेव्हा आवाज ऐकून वहिनी गॅलरीत आल्या, डोळे पुसले, म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्यामुळे वाचली हो." उरलेले पैसे घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो, पण चार महिन्यांनी. त्या उशिराची किंमत कशी काढायची, प्रश्नोत्तरांत सांगा.