फेसबुकला ६ तास झोपवणारी 'कमांड' म्हणजे नेमकं काय असतं?

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवतेय? सव्वानऊच्या सुमारास व्हॉट्सॲपवरून मेसेज जायचे थांबले. इन्स्टा रिफ्रेश होईना, फेसबुक उघडेना. कित्येकांनी उठून घरचा राऊटर बंद करून परत चालू केला. त्या बिचाऱ्याची काहीच चूक नव्हती.

नंतर कंपनीने स्वतःच सांगितलं, की नेहमीच्या देखभालीच्या कामात एक कमांड दिली गेली आणि तिच्यामुळे जगभरातल्या डेटा सेंटर्सना जोडणारं त्यांचं नेटवर्कच तुटलं. अशी चुकीची कमांड अडवणारी यंत्रणाही होती, पण नेमका तिच्यातच बग निघाला. पुढचे साधारण ६ तास सगळं ठप्प. इंजिनिअर्सना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं.

एका ओळीत एवढी ताकद कशी काय? त्यासाठी राऊटर आणि स्विचशी बोलतात कसं, ते बघू.

आधी फरक. ऑफिसातले कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे एकमेकांना जोडतो तो स्विच. एका नेटवर्कमधून दुसऱ्या नेटवर्कमध्ये जायचा रस्ता दाखवतो तो राऊटर. घरच्या राऊटरची सेटिंग आपण ब्राउझरमध्ये क्लिक करून बदलतो. पण ज्याला २०० स्विच सांभाळायचे आहेत, तो क्लिक करत बसला तर महिना जाईल. टाइप केलेल्या ओळी मात्र कॉपी होतात, जपून ठेवता येतात, दुसऱ्या मशिनवर तशाच चालतात.

नव्या कोऱ्या स्विचला बहुतेक वेळा पत्ताच नसतो, मग त्याच्यापर्यंत पोचणार कसं? त्यासाठी कन्सोल केबल. ती लॅपटॉपला लावायची, पुटीसारखं सॉफ्टवेअर उघडायचं, सिस्कोच्या मशिनला सहसा ९६०० चा स्पीड द्यायचा. समोर काळी स्क्रीन आणि लुकलुकणारा कर्सर. एकदा पत्ता आणि लॉगिन सेट झालं, की पुढे लांबूनही काम होतं. तेव्हा एसएसएच वापरायचं. जुन्या टेलनेटमध्ये पासवर्ड उघडाच प्रवास करतो.

सिस्कोचंच उदाहरण पुढे घेऊ. (कमांड इथे देवनागरीत दिल्यात, मशिनला त्या इंग्रजी अक्षरांतच लागतात.) आत शिरलात की आधी फक्त बघायची परवानगी असते. 'एनेबल' टाइप केलं की अधिकार वाढतात. 'कॉन्फिगर टर्मिनल' म्हटलं की बदल करायचं दार उघडतं आणि 'इंटरफेस' लिहून पोर्टचं नाव दिलं की त्या एका पोर्टच्या खोलीत तुम्ही पोचता. प्रत्येक पायरीवर कर्सरआधीची खूण बदलते. कुठल्या खोलीत उभे आहात हे तीच सांगते, त्यामुळे नजर तिच्यावर हवी. पुढची कमांड आठवत नसेल तर प्रश्नचिन्ह दाबा, मशिन स्वतःच यादी देतं.

राऊटरचे पोर्ट सुरुवातीला मुद्दाम बंद ठेवलेले असतात. पत्ता दिला तरी 'नो शटडाउन' म्हणेपर्यंत ते जागे होत नाहीत. मी सरावात याच एका ओळीपायी अर्धा तास डोकं खाजवलंय.

आता खरी गंमत. एंटर दाबताच बदल लागू होतो. 'नक्की ना?' असं बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. समजा स्विचमधल्या एका जोडणीवरून १० आणि २० नंबरचे व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर केलेले वेगवेगळे कप्पे, जातायत. तिथे ३० पण जाऊ द्यायचाय. कमांडमध्ये 'ॲड' हा शब्द असेल तर ३० जोडला जातो. तो राहिला तर १० आणि २० उडतात, फक्त ३० उरतो! तुम्ही स्वतः २० मधून आत आला असाल, तर तुमचीही लाइन गेली. कुऱ्हाड स्वतःच्याच पायावर. नेटवर्कवाल्यांमध्ये ही चूक चांगलीच बदनाम आहे.

पण यातून सुटायची सोयही आहे. केलेला बदल आधी फक्त चालू मेमरीत असतो. 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' दिल्याशिवाय तो कायमचा होत नाही. म्हणून लांबून काम करणारे जाणकार जुनी सेटिंग सेव्ह आहे ना ते बघतात आणि बदलाआधी 'रीलोड इन १०' देऊन ठेवतात. म्हणजे १० मिनिटांनी मशिन आपोआप रीस्टार्ट होणार. लाइन तुटली तर थांबायचं, मशिन जुन्या सेटिंगवर परत येतं. सगळं नीट झालं तर 'रीलोड कॅन्सल' आणि मग सेव्ह. (हे कॅन्सल विसरलात तर भर दुपारी अख्खं ऑफिस तुमच्या नावाने ओरडेल.) ज्युनिपरच्या मशिनमध्ये 'कमिट कन्फर्म्ड' हीच राखण करतं. ठरलेल्या वेळेत तुम्ही परत होकार दिला नाही, तर ते रीस्टार्ट न होताच जुन्या सेटिंगवर जातं.

हात साफ करायला महागडी यंत्रं लागत नाहीत. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं, लॅपटॉपवर चालतं. त्यात दोन स्विच जोडा आणि तो 'ॲड' मुद्दाम विसरून बघा.