ओझरचे रावसाहेब गायकवाड आणि द्राक्षवेल

मनुष्याची पदवी मोठी की त्याच्या हातचे काम मोठे, ह्याचा निवाडा काळच करितो. इंग्रजी अमलात ‘रावसाहेब’ ही सरकारी उपाधी होती. तिच्यावर रावबहादूर, आणि त्याहून वर दिवाणबहादूर. १९५० साली आपली राज्यघटना अमलात आली व अशा पदव्या देणे बंद झाले. तथापि ओझरचे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड ह्यांचे नाव नाशिक जिल्ह्यात टिकले, ते एका वेलीमुळे.

नाशिकहून आग्रा रस्त्याने ईशान्येस गेले म्हणजे निफाड तालुक्यात, बाणगंगेच्या काठी ओझर लागते. तेथे १९२५ साली गायकवाडांनी द्राक्षे लावून ह्या जिल्ह्यातील द्राक्षबागाइतीचा पाया घातला, असे मानितात.

हे धाडस लहान नव्हते. बाजरी तीन-चार महिन्यांत पदरी पडते. द्राक्षवेल फळावयास दोन-तीन वर्षे लागतात, आणि तोवर आधार, खत व पाणी ह्यांवर पैसा ओतावा लागतो. थंड देशात वेल हिवाळ्यात झोपी जाते. म्हणून वर्षातून एकदा छाटली की पुरते. आपल्या उष्ण प्रदेशात तिला तशी झोप नाही, म्हणून छाटणी दोनदा. एप्रिलच्या छाटणीने नव्या काड्या फुटतात व त्यांच्या डोळ्यांत पुढील घड गुप्तपणे आकार घेतात. ऑक्टोबरच्या छाटणीने ते बाहेर पडतात. मग भुरी, केवडा आणि अवकाळी पाऊस ह्यांच्याशी झुंज. एका गारपिटीने वर्षाचे श्रम मातीस मिळतात, आणि कर्ज तेवढे डोक्यावर राहते.

ह्या उद्योगास परोपकार का म्हणावे? धनिकाने दिलेला पैसा खर्चिला की सरतो. वेलीची गोष्ट निराळी आहे. छाटून टाकिलेली पक्व काडी जमिनीत रोविली की तिला मुळे फुटतात व नवी वेल होते. एका बागेतून दुसरी बाग उभी राहते, आणि पहिलीचे काहीच उणे होत नाही. विद्येचाही हाच धर्म नव्हे काय?

पुढे नव्या जाती आल्या, रीती बदलल्या. नाशिकची द्राक्षे युरोपच्या बाजारी पोहोचली. द्राक्षांच्या उत्पन्नावर कित्येक शेतकऱ्यांची मुले शिकून मोठी झाली. विद्यार्थिमित्रहो, आज द्राक्षाचा घड हाती घ्याल तेव्हा त्यामागील पहिल्या धाडसाचे स्मरण ठेवा.