काळ्या कातळाखालचं ऐकताना

आज आपल्याला दख्खनच्या काळ्या कातळाखाली बघायचं आहे. बघायचं म्हणजे खरं तर ऐकायचं, कारण तिथे नजर पोचत नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली. तोवर तो भाग स्थिर समजला जात होता. वर काळी माती, तिच्याखाली बेसाल्ट. त्याच्याही खालच्या खडकात एखादी जुनी भेग असली तरी ती वरून कळणार कशी? आणि हे लाव्ह्याचं पांघरूण थोडंथोडकं नाही, सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचं आहे.

खालचं ऐकण्याची रीत तशी सोपी. जमिनीत भोक पाडून सुरुंग उडवायचा, ठरावीक अंतरांवर जिओफोन मांडायचे आणि भूकंपलहर कुठे किती वेळात पोचते ते नोंदवायचं. खालचा खडक वरच्यापेक्षा वेगवान असेल, तर लहर त्याच्या माथ्यावरून धावत जाते आणि लांबच्या जिओफोनवर पहिली हजर होते. गल्लीबोळातून बाहेर पडून एक्स्प्रेस-वे गाठावा तसं. वळसा पडतो, पण लांब जायचं असेल तर तोच आधी पोचवतो.

आता अडचण बघा. लहरीचा वेग बेसाल्टमध्ये सेकंदाला साधारण ५ किमी, खालच्या ग्रॅनाइटमध्ये ६ किमी, आणि या दोघांमध्ये गाळाचा खडक असला तर त्यात समजा ३.५ किमी. म्हणजे चांगल्या रस्त्याखाली कच्चा रस्ता. त्यावरून कोण धावणार? त्या थराकडून पहिली लहर म्हणून काहीच येत नाही. मात्र तो ओलांडताना लहरीचा वेळ जातो, आणि थर असल्याचं माहीत नसल्यामुळे तो वेळ आपण बेसाल्टच्या नावावर टाकतो. याच आकड्यांनी हिशेब केला तर १ किमी गाळ जवळजवळ २ किमी बेसाल्ट म्हणून मोजला जातो. आकृती सुरेख येते आणि साफ चुकते!

मग सुगावा कशातून लागतो? वरच्या बेसाल्टमधली लहर एका अंतरानंतर विरते, आणि पुढची, ग्रॅनाइटवरून आलेली, तिच्या रांगेत न येता उशिरा उगवते. नोंदीतला हा खंड दिसला की मध्ये मंद थर असल्याचा संशय घ्यायचा. मग थरांवर आपटून परतलेल्या, मागाहून येणाऱ्या लहरी लांबवरच्या जिओफोनांवर शोधायच्या. तापीच्या खोऱ्यात राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या सर्वेक्षणांतून बेसाल्टखाली जाड गाळाचे खडक असल्याचा अर्थ निघाला, आणि तेल शोधणाऱ्यांचे कान टवकारले. विजेचा प्रवाह गाळातून सहज जातो, बेसाल्टमधून कष्टाने. म्हणून तीही मोजणी जोडीला घेतात.

बेसाल्टचा आणखी एक त्रास आहे. तो एकसंध नसतो. घाटातली कापलेली दरड आठवा: घट्ट कातळ, वर मांजऱ्या खडक, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा, पुन्हा कातळ. प्रत्येक सांध्यावर लहर थोडी फुटते. गणपतीची मिरवणूक लांब गेली की सनई ऐकू येत नाही, ढोलाचा ठोका तेवढा येतो. तसंच खालून परतताना फक्त जाड, संथ लहरी टिकतात. त्यांनी बारीक काही दिसत नाही.

किती बारीक? किल्लारीला ६१७ मीटर खोल भोक घेतलं. ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला, मग जेमतेम ८ मीटर गाळ, आणि मग पायाचा प्राचीन खडक. सेकंदाला ३० कंपनांच्या लहरीची लांबी अशा गाळात शंभर मीटरच्या वर भरते. ८ मीटरचा थर तिला वेगळा कळतच नाही. कोयनेला गोठण्याच्या ३ किमी खोल भोकात १,२४७ मीटर बेसाल्टनंतर मध्ये गाळ नाही, थेट पायाचा खडक लागला.

तेल शोधणाऱ्यांचं ८ मीटरवाचून अडत नाही, त्यांना शेकडो मीटर गाळ हवा असतो. भूकंपवाल्यांचं मात्र अडतं. भेगेमुळे पायाचा खडक दहा-पंधरा मीटरच वरखाली सरकला असेल, तर आमच्या नोंदीत ती जागा सपाट दिसते.