बाळ जन्मलं तो दिवस: आठवणीत आणि कागदावर

आज आपण घरोघरच्या एका आठवणीबद्दल बोलणार आहोत. बाळाचा जन्म झाला तो दिवस घरातलं कोणीच विसरत नाही. विचारून बघा. आजी सांगेल, त्या दिवशी असा पाऊस लागला होता की ओढ्याला पाणी आलं आणि गाडी पलीकडंच थांबली. वडील सांगतील, गाडी कुणाची मिळाली आणि दवाखान्याच्या दारात किती वेळ उभं राहावं लागलं. मावशीला आठवेल, दुपट्यासाठी कुणाचं मऊ लुगडं फाडलं. आणि आई म्हणेल, "मला एवढंच आठवतं, रडल्याचा आवाज आला आणि नर्सबाई म्हणाल्या, मुलगी झाली."

दिवस एकच, पण प्रत्येकाकडं त्याचा वेगळा तुकडा असतो. हे तुकडे वेळेवर एकत्र केले, तर ते बाळाच्या जन्मभर कामाला येतात. नाही केले, तर काय होतं ते आपल्या आधीच्या बायकांकडं बघून कळतं.

गटात नाव नोंदवताना वयस्कर बाईला वय विचारलं की उत्तर येतं, "बाहत्तरच्या दुष्काळात मी रांगत होते." दुसरी म्हणते, "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी पाळण्यात होते." तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला झाला. म्हणजे वर्षाचा अंदाज लागतो, पण जन्मतारीख काही मिळत नाही. मग शाळेत घालताना गुरुजींनी लिहिली ती तारीख पक्की झाली. म्हणून तर आपल्याकडं एवढ्या माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो! एकाच घरात भाऊ, बहीण, चुलतभाऊ, सगळे १ जूनचे.

यात हसण्यासारखं आहे, तसं नुकसानही आहे. श्रावणबाळ योजनेसाठी वय ६५ लागतं. कागदावर वय दोन वर्षांनी कमी लागलं, तर निराधार बाईला दोन वर्षं वाट बघावी लागते. उलट बाजू मुलींची. वयाचा कागद नसला की सोळा वर्षांच्या पोरीला "अठरा पूर्ण झाली" म्हणून बोहल्यावर उभं करणं सोपं जातं. आजीला पाऊस कितीही लख्ख आठवत असला, तरी तिथं तारखेचा कागदच पोरीच्या बाजूनं बोलतो.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे. जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत द्यायची असते. बाळंतपण दवाखान्यात झालं तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची. घरी झालं तर घरातल्या कर्त्या माणसानं ग्रामपंचायतीत जाऊन सांगायचं. मुदतीत नोंद केली तर दाखला फुकट मिळतो. २१ दिवस उलटले तर उशिराचं शुल्क पडतं. महिना उलटला तर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आणि वर्ष उलटलं तर थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. म्हणजे जे काम एका फेरीत होतं, त्यासाठी तालुक्याला किती खेपा आणि किती मजुरी बुडवायची, याचा हिशोब तुम्हीच करा.

१ ऑक्टोबर २०२३ पासून हा दाखला आणखी महत्त्वाचा झाला आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, लग्नाची नोंद, सरकारी नोकरी अशा कामांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच चालतो. गुरुजींच्या १ जूनचे दिवस संपले.

आपल्याकडं एक घोटाळा नेहमी होतो. पहिलं बाळंतपण माहेरी. बाळ जन्मतं माहेरच्या गावात नाहीतर तिथल्या तालुक्याच्या दवाखान्यात, आणि चार महिन्यांनी सासरचे लोक दाखला मागायला जातात आपल्या ग्रामपंचायतीत. तिथं नोंद सापडणारच नाही, कारण नोंद जन्म जिथं झाला तिथली होते. म्हणून दवाखान्यातून निघतानाच विचारा, "नोंद कुठल्या कार्यालयात गेली? दाखला कुठं मिळेल?" बाळंतिणीला सासरी धाडण्याआधी माहेरच्यांनी दाखला हातात घेऊन ठेवावा. बाळंतविड्याबरोबर हाही द्यावा.

काहीजणी म्हणतात, "अजून नाव कुठं ठेवलंय?" नाव नसतानाही जन्माची नोंद होते, नाव मागाहून घालता येतं. नोंद झाल्यापासून वर्षभरात नाव घातलं तर शुल्क नाही. तरी बारसं बाराव्या दिवशी होत असेल, तर अजून नऊ दिवस हातात असतात. दाखला मिळाला की तिथंच वाचा. आईचं नाव आधारवर आहे तसंच आहे का? माहेरचं नाव एक आणि सासरचं दुसरं, यातून पुढं फार त्रास होतो. आणि लक्षात ठेवा, महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव, असा क्रम आहे. नऊ महिने जिनं वाहिलं, तिचं नाव आता लेकराच्या नावाला लागून येतं.

पण दाखल्यावर सगळंच मावत नाही. बाळ लगेच रडलं की उशिरा? वजन किती भरलं? अडीच किलोपेक्षा कमी होतं का? पहिलं दूध तासाभरात पाजलं का? बाळंतपण साधं झालं की सिझर? आईला रक्तस्राव जास्त झाला का, झटके आले का, रक्त चढवलं का? या गोष्टी पुढच्या खेपेला डॉक्टर विचारतात. मूल उशिरा चालायला किंवा बोलायला लागलं, तरी पहिला प्रश्न हाच असतो की जन्मल्यावर लगेच रडलं होतं का. त्या वेळी "आठवत नाही" म्हणायची पाळी येऊ नये. यातलं बरंच माता-बाल संरक्षण कार्डावर आणि दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर असतं. ती दोन्ही कार्डं लग्नाच्या फोटोसारखी जपा. आशाताई घरी येतात तेव्हा राहिलेलं त्यांच्याकडून विचारून लिहून घ्या.

पाचवीला आपण पाट्यापाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवतो. रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणतात. तो कागद तिच्यासाठी राहू द्या. त्याच्या शेजारी आपण आणखी एक कागद ठेवू. घरात जिला लिहिता येतं तिनं सगळ्यांना विचारून लिहावं: तारीख, वार, वेळ, गाव, दवाखाना, वजन, कोण सोबत होतं, कुणी आधी उचललं. आजीचा पाऊसही त्यात लिहा आणि मावशीचं लुगडंही. ज्याला लिहिता येत नाही त्यानं सांगावं, दुसऱ्यानं उतरवावं. कागदाला दाखल्याची झेरॉक्स टाचून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवा.

येत्या मासिक बैठकीत बचतीचा हिशोब झाला की पाच मिनिटं काढा. गटातल्या कुणाच्या घरी दोन-तीन महिन्यांत पाळणा हलणार आहे, कुणाच्या नातवंडाचा दाखला राहिलाय, याची यादी करा. दाखला राहिला असेल तर ग्रामपंचायतीत तिला एकटीला पाठवू नका, दोघी-तिघी सोबत जा.

सगळ्यांच्या घरी नवं बाळ सुखरूप येवो.