वसईची चौथी आणि १७३९

वसईच्या पट्ट्यातल्या, चर्चने चालवलेल्या मराठी शाळांत चौथीला इतिहास शिकवतात तो राज्यभरच्या मुलांचाच: शिवाजी महाराजांचा. संविधानाच्या ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना शाळा काढण्याचा हक्क दिला, म्हणून त्यांचा इतिहास वेगळा होत नाही, आणि तो होऊही नये. अडचण पुस्तकाबाहेरची आहे. पुस्तकात पोर्तुगीज ही परकी सत्ता असते. शाळेपासून काही कोसांवर मात्र त्यांनी बांधलेला किल्ला उभा असतो. रविवारी मिस्साला जाणाऱ्या मुलाचं आडनाव डिसोझा, लोपीस किंवा परेरा, आणि घरची बोली सामवेदी. आपण नेमके कुठल्या बाजूचे, हा प्रश्न त्याने मोठ्याने विचारला नाही तरी तो वर्गात असतोच. माझ्या मते शिक्षकांनी तो टाळू नये. त्याला बाजू सांगून उत्तर देण्यापेक्षा पुरावे समोर ठेवावेत.

पुराव्यांची वसईला कमतरता नाही. शेजारच्या सोपाऱ्याला १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडा आणि बौद्ध स्तूप सापडला, म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या दीड हजारांहून अधिक वर्षं आधी हे गजबजलेलं बंदर होतं. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे दोनशे वर्षं त्यांची सत्ता राहिली, चर्चं उभी राहिली, धर्मांतरं झाली, आणि रयतेवर धर्माच्या बाबतीत जाचही झाला. गंगाजी नाईक अंजूरकरांसारख्या स्थानिकांनी त्या जाचाविरुद्ध पेशव्यांकडे धाव घेतली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. किल्ला हाती येताना झालेल्या तहातली कलमं मला चौथीच्या वर्गासाठी फार मोलाची वाटतात. पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह बाहेर पडता आलं, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली. त्या मुलाचे पूर्वज किल्ल्यातून निघून गेलेल्यांत नव्हते, मागे राहिलेल्यांत होते. एवढं कळलं की ‘कुठल्या बाजूचे’ या प्रश्नाची धार बरीच बोथट होते.

यावर शाळांतून पहिला आक्षेप येतो तो वयाचा. नऊ वर्षांच्या मुलाला गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे तिथलं धर्मन्यायालय, कशाला सांगायचं? छळाचे तपशील सांगायचे नाहीतच. पण तपशील न सांगणं आणि खोटं सांगणं यांत फरक आहे. ‘काही लोक आपणहून ख्रिस्ती झाले, काहींना सवलतींचा मोह पडला, काहींवर दबाव आला’ हे वाक्य चौथीतलं मूल सहज पेलतं. जबरदस्तीचा उल्लेखच गाळला, तर पुढे दहावी-बारावीत, कुठल्यातरी तिखट भाषणातून ती गोष्ट त्याच्या कानावर येते, आणि तेव्हा शाळेने आपल्यापासून काय लपवलं याचा हिशेब ते मांडू लागतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असं शिकवलं तर ख्रिस्ती मुलांच्या मनात अपराधीपणा येईल, आणि त्याच बाकांवर बसणाऱ्या हिंदू मुलांच्या हाती टोमणा मिळेल, अशी भीती पालकांना वाटते. ती निराधार नाही. पण तिच्यावरचा इलाज मौन नव्हे. १६व्या शतकातल्या व्हाइसरॉयचा कारभार आजच्या मुलाच्या माथी मारता येत नाही, हे शिक्षकाने स्पष्ट म्हणायला हवं. तोच न्याय इतर सर्व राजवटींना आणि इतर सर्व मुलांना लावायला हवा. शिवाय सत्तेची बाजू आणि श्रद्धा या दोन गोष्टी वेगळ्या असतात, याचं उदाहरण वसईतच आहे. संत गोन्सालो गार्सिया इथे जन्मले, जपानपर्यंत पोहोचले, नंतर व्यापार केला, पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मारले गेले. धर्मशिक्षणाच्या तासाला त्यांच्याकडून प्रार्थना शिकावी. इतिहासाच्या तासाला मात्र वसईचा माणूस त्या काळी जपानला कोणत्या जहाजातून आणि कशासाठी जात असेल, हे विचारावं. दोन्ही तास एकाच बाईंकडे असले तर ही सीमा पाळणं कठीण जातं, हे मान्य.

तिसरं म्हणणं, अभ्यासक्रमात वेळ नाही. खरं आहे, पण किल्ल्याची सहल बहुतेक शाळा काढतातच. तिथे चर्चच्या पडक्या भिंतींत पोर्तुगीज अक्षरं कोरलेले थडग्यांचे दगड आहेत, आणि त्याच आवारात चिमाजी अप्पांचं स्मारकही आहे. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि वाईजवळ मेणवलीला पोर्तुगीज बनावटीच्या घंटा टांगलेल्या आहेत, त्यांचे फोटो सोबत नेता येतात. देवळात चर्चची घंटा कशी आली, एवढं विचारून मुलांना अर्धा तास दिला, तर उत्तरं चुकतील, मुलं भांडतील, पण तहाची, लुटीची आणि विजयाची चर्चा त्यांना आपोआप करावी लागेल. परीक्षेत मात्र ‘वसई कोणी जिंकली’ एवढाच प्रश्न असेल, तर हा अर्धा तास कुठलीच शाळा फार काळ काढणार नाही.